रांगेतली एकोणिसावी

भाऊजींना नमस्कार.

काल फोनवर तुम्ही आमच्या दवाखान्यातल्या, रुग्णांची रांग लावणाऱ्या यंत्राला शिव्या घातल्यात आणि मी "हो ना" म्हणाले. खरं काय ते इथे लिहिते.

त्या दिवशी ताई माझ्याच नोंदणीच्या खिडकीशी आली होती. "काही नाही गं, छातीत जरा जड वाटतंय," म्हणाली. तेच मी यंत्रात टाइप केलं. त्याने तिला रांगेत एकोणिसावी लावली. तिला पुढे काढायचं बटण माझ्या हाताशी होतं. पण बहिणीचा वशिला लावला म्हणतील, म्हणून मीच तोऱ्यात म्हणाले, "बस जरा. हे यंत्र आपलं-परकं करत नाही." ती पर्स मांडीवर घेऊन बसली आणि त्या बाकावरच गेली.

यंत्राचा शेरा मी नंतर वाचला: "घाबरल्या आहेत. थांबू शकतात." भाऊजी, ते आमच्या जुन्या नोंदींवरून शिकलंय. बाई छातीवर हात ठेवून आली की वीस वर्षं मी हेच वाक्य लिहीत आले. पुरुष आला की स्ट्रेचर मागवायचे.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. रविवारी तुम्ही पुन्हा यंत्राला शिव्या घालाल, मी पुन्हा "हो ना" म्हणेन. तुमच्याशिवाय मला फोन करणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुमची मेहुणी