पूर्वेच्या भिंतीवरच्या नऊ खुणा

बाबा, चंद्राविषयी तुम्ही मला आयुष्यात एकच प्रश्न विचारलात. तोही अकोल्याच्या आपल्या घराच्या धाब्यावर, दिवस मावळताना, दोन परक्या माणसांच्या देखत. त्याचे उत्तर मला येते. पुढे नोकरीची सारी वर्षे मी ते फळ्यावर आकृती काढून शिकवीत आलो. आपल्या घरात पत्र लिहिण्याची रीत नव्हती. तुम्ही अक्षरे लावून वाचीत असा, लिहीत मात्र सहीपुरतेच. हे पत्र तुमच्या हाती पडले असते, तर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचण्यात तुमची सबंध संध्याकाळ गेली असती. म्हणून मीही सावकाश लिहितो.

तुम्ही जिनात फिटर होता. सरकी काढणारी सगळी यंत्रे ज्याच्यावर फिरत, तो छताखालचा लांब शाफ्ट सरळ ठेवणे हे तुमचे काम. हंगाम सुरू होण्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचे, ओळंबा सोडायचा आणि एकेक बेअरिंग सुताशी ताडून पाहायचे. मी डबा घेऊन येई तेव्हा तुम्ही शिडीवर असा, भुवयांवर रुईचे तंतू, एक डोळा मिटलेला. नव्या माणसांना तुमची एकच शिकवण असे, "आंधी आपलं सूत पाहाचं, मंग मशीनले बोलाचं." जिथे शाफ्ट वाकडा दिसे तिथे तुम्ही प्रथम खाली उतरून सुताची गाठ तपासत असा. मला ते वेळखाऊ वाटे. मी शाळेत पहिला येणारा मुलगा होतो. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसे आणि ती बोलून दाखविण्यास मला क्षणाचाही विलंब लागत नसे.

धाब्याची पूर्वेकडची भिंत तुम्ही स्वतः बांधलीत. गवंडी आणला नाही. विटा, चुना, सूत आणि ओळंबा, एवढ्यावर महिनाभरात कमरेइतकी भिंत उभी केलीत. ते एक्कावन्न साल. पौष पौर्णिमेला दिवस मावळता मावळता समोरच्या रानातून चंद्र वर आला आणि भिंतीच्या उत्तर टोकाजवळ टेकलेला दिसला. तुम्ही पश्चिमेच्या बाजूस एक लोखंडी गज रोवला, त्याच्या टोकाला एक नट बसविलात, नटाच्या भोकातून पाहून चंद्राची जागा धरलीत आणि छिन्नीने भिंतीवर खूण केलीत. कशासाठी, असे आईने विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात की भिंत सरकली तर कळेल. घर बसले की खचले हे पाहण्यास चंद्राइतका स्थिर दाखला तुम्हाला दुसरा सुचला नाही. आपल्या आळीत असे कोणी केले नसते, आणि जिनातल्या फिटरखेरीज ते कोणाला सुचलेही नसते.

पुढच्या हिवाळ्यात चंद्र खुणेच्या बोटभर अलीकडे उगवला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चार बोटे. तुम्ही भिंतीवर संशय घेतलात. ओळंबा लावलात, पाया एका बाजूने उकरून पाहिलात, गज हलला का ते तपासलेत. दोन वर्षे तुम्ही फक्त स्वतःच्या कामात दोष शोधीत होता. पौर्णिमा कधी लवकर येते कधी उशिरा, त्याने जागा बदलत असावी, हेही तुमच्या ध्यानात आले. म्हणून एकाच पौर्णिमेवर न थांबता, त्या हिवाळ्यात चंद्र सर्वांत उत्तरेस जिथे उगवेल तीच जागा धरायची, असा नियम तुम्ही केलात. इतका काटेकोर विचार मी त्या वयात केला नसता. हे आज लिहिणे सोपे आहे. दरसाल खूण दक्षिणेकडे सरकत गेली. छप्पन साली दीक्षेनंतर घरातून देव गेले, उपास गेले. पौर्णिमा तेवढी राहिली. आई पांढरे लुगडे नेसून वंदनेला जाई आणि तुम्ही छिन्नी घेऊन वर. मी तोवर अमरावतीस कॉलेजात गेलो होतो. सुटीत आलो की खुणा पाहत असे आणि त्या मला एका अशिक्षित माणसाचा छंद वाटत. माझ्या मनात हाच शब्द होता. तो मी सौम्य करून लिहीत नाही.

नववी खूण झाली ती संध्याकाळ. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नाताळच्या सुटीत घरी आलो आहे, आणि जिनातले तुमचे दोन सोबती धाब्यावर बसले आहेत. तुम्ही नटाला डोळा लावता, उठता, छिन्नीचे तीन ठोके घालता. मग हाताने मोजता. पहिल्या खुणेपासून नवव्यापर्यंत जवळजवळ दोन हात अंतर पडले आहे. तुम्ही मला जवळ बोलावता आणि दाखविता की मधल्या खुणा दूर दूर आहेत आणि शेवटच्या जवळ जवळ येत चालल्या आहेत.

"इंजनाचा दट्ट्या वळाच्या आंधी असाच धिमा होते," तुम्ही म्हणता. "मले वाटते हा आता थांबन. तू शिकून राहिला, तुह्या पुस्तकात पाय बरं. वापस येईन काय हा?"

मी पुस्तकात पाहिले नाही. पाहण्याची गरजच मला वाटली नाही. चंद्राची कक्षा ठरलेली असते, महिन्याचा फेरा ठरलेला असतो, हे मी त्या दोघांना कळेल अशा आवाजात सांगितले. आणि त्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी म्हणालो, "चंद्र तुमच्या भिंतीकडे बघून उगवत नाही, बाबा. फिटरने गवंड्याचं काम केलं की असंच व्हायचं."

सोबत्यांपैकी एकजण हसला. पुढे कितीतरी दिवस जिनात तुमची थट्टा चालली, काय फिटर, चंद्राचं बेरिंग घासलं काय, तेल पाजून पाय एकदा. हे मला आईने सांगितले. त्या संध्याकाळी तुम्ही छिन्नीला लागलेला चुना धोतराच्या सोग्याने पुसलात आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला सांगण्यास खाली गेलात. मला त्या वेळी आपण जिंकलो असे वाटले. कोणाविरुद्ध, हे मी स्वतःला विचारले नाही.

पुढच्या सुटीत वर गेलो तेव्हा नऊही खुणा सिमेंटने बुजविलेल्या होत्या. काम नेहमीप्रमाणे नीट होते. हात फिरविला तर जोड लागत नव्हता, रंग तेवढा वेगळा. गज उपटून तुम्ही आईला कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी दिला होता. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही चंद्र पाहण्यास वर गेला नाहीत, आणि त्यानंतरही नाही.

एम.एस्सी. करून मी अमरावतीस अधिव्याख्याता झालो. बासष्ट सालच्या पावसाळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात खगोलशास्त्राचे एक जाड पुस्तक दुसऱ्याच कामासाठी चाळत होतो आणि एका पानावर तुमची भिंत दिसली. चंद्राच्या फिरण्याची पातळी सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेली आहे. तो कल एका जागी राहत नाही. सूर्याच्या ओढीने तो हळूहळू फिरतो आणि सुमारे साडेअठरा वर्षांनी पूर्वस्थितीस येतो. म्हणून हिवाळ्यातली पौर्णिमा नऊ-सव्वानऊ वर्षे क्षितिजावर आत आत सरकते, थांबते आणि तितकीच वर्षे बाहेर जाते. टोकांपाशी तिची गती मंदावते, दट्ट्यासारखी. पुस्तकात दट्ट्या नव्हता. पण वक्ररेषा तीच होती. ज्या कक्षेला मी ठरलेली म्हणालो होतो ती मुळात ठरलेली नाही. तिचा कल फिरतो, तिचा लांबटपणा फिरतो, आणि चंद्र पृथ्वीपासून दरसाल कणाकणाने दूरही जातो. एवढे सगळे जगाला ठाऊक होते. माझ्या ओळखीत त्यातला एक भाग एकाच माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढला होता आणि त्याला मी गवंडीकाम शिकविले होते.

बाबा, तुम्ही त्या वेळी हयात होता. अकोला तेथून साठ मैल होते.

मी त्याच आठवड्यात पत्र लिहावयास बसलो. पहिला मसुदा व्याख्यानासारखा झाला, तो फाडला. दुसऱ्यात 'माझी समजूत अपुरी होती' असे वाक्य होते. ते खोटे वाटले, कारण समजूत अपुरी नव्हती, उर्मट होती. मग वाटले, तुम्हाला वाचण्यास त्रास होईल, आकृतीच काढावी. चांगल्या कागदावर काळ्या शाईने आकृती काढली. एका कोपऱ्यात शाई पसरली, पुन्हा काढली. पातळ्यांचा कोन नजरेला बरोबर दिसेना, पुन्हा काढली. अशा चार आकृत्या झाल्या. निर्दोष झाल्याशिवाय काही हाताबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा माझा लौकिक होता आणि मी त्याच्या आड नीट लपलो.

दिवाळीच्या सुटीत पाचवी आकृती खिशात घालून घरी आलो. तुम्ही ओसरीवर बसला होता. जिन सुटले होते, रुईने छाती धरली होती, दोन वाक्यांच्या मध्ये तुम्हाला थांबावे लागे. माझ्या हातात पिशवी पाहून तुम्ही उठू लागलात, मी नको म्हणालो.

"पोरं आयकते काय तुहं?" तुम्ही विचारलेत.

मी म्हणालो, ऐकतात.

"मंग बरं आहे. घरी आमीच होतो आयकाले."

तुम्ही हसलात आणि खोकला आला. त्यात कडवटपणा नव्हता. तुम्हाला तो येतच नसे. खिशातल्या कागदाला मी दोनदा हात लावला. मग मनाशी म्हणालो की आता यांना दम लागला आहे, उद्या दाखवू. दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे अधू झाले आहेत, बारीक रेघा दिसणार नाहीत, असे ठरविले. तिसऱ्या दिवशी माझी सुटी संपली. आकृती खिशातच परत गेली. मार्चमध्ये कॉलेजात तार आली आणि मी बडनेऱ्याहून गाडी धरली.

एकोणसत्तरच्या पौषात, माणसे चंद्राला वळसा घालून परतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत ताज्या असताना, मी धाब्यावर गेलो आणि गज जिथे रोवलेला होता त्या भोकावर, नटाच्या उंचीला डोळा धरला. चंद्र रानातून वर आला आणि भिंतीच्या उत्तर टोकाशी, सिमेंटच्या पहिल्या डागावर टेकला. अगदी अचूक. आई जिन्याने धापा टाकीत वर आली होती. मी तिला सगळे सांगितले. पुस्तक, पत्र, आकृती, काही लपविले नाही. तिने चंद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता मले काहून सांगून राहिला?" ती म्हणाली. "त्याईले सांगाले पाह्यजे होतं."

एवढे बोलून ती तारेवरचे कपडे काढू लागली.

हे पत्र कोठे पाठवावयाचे नाही. तसा प्रश्नच नाही. यातही मी तीन ठिकाणी शब्द खोडून पुन्हा लिहिले आहेत, सवय गेलेली नाही. एक गोष्ट मात्र लिहावयाची राहिली. वर्गात हा भाग आला की मी दरवर्षी अकोल्याच्या एका फिटरची हकीकत सांगत असे. मुलांना ती आवडे. ते कोण होते, असे कोणी विचारले तर मी म्हणे, ओळखीचे एक गृहस्थ. माझे वडील, असे मी एकदाही म्हणालो नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी, तेल्हाऱ्याकडची, तास संपल्यावरही बसून राहिली. तिने विचारले, "सर, त्याईले मग उत्तर भेटलं काय?"

मी फळा पुसत होतो. मी तिला सांगितले, हो, भेटलं.