तांत्रिक साहाय्याबद्दल आभार

३ फेब्रुवारी

आभार! माझे आभार मानलेत! लेख छापून तीन महिने झाले, मला अंक आज मिळाला; शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरांत — ‘तांत्रिक साहाय्याबद्दल प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार.’ सहकारी म्हणजे मी. एकटी मी. दुसरं आहे कोण तिथे? वजनकाटा?

लेख मी लिहिला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत. कुंपणावरच्या त्या रानवेलीचा पाला मी तोडला, मी वाळवला, मी दळला. अर्क मी काढला. आजवर कुणाला त्या वेलीत न दिसलेला पदार्थ मला दिसला! आणि वर लेखक म्हणून एकच नाव, आमच्या अत्तरसाहेबांचं. प्रयोगशाळेत अत्तर फवारून येतात म्हणून हे नाव. मशीनला तेही दिसतं हो, असं दहा वेळा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

४ फेब्रुवारी

गेले त्यांच्या खोलीत. म्हणाले, “बाई, लिहून काढणं वेगळं आणि लेखक असणं वेगळं. कल्पना माझी होती ना?” कल्पना! त्यांच्यासमोर वेल आणि भेंडीचं रोप ठेवलं तर निदान वेल कुठली ते तरी सांगता येईल का!

वर म्हणतात, “तुम्ही तर घरच्याच. पुढच्या लेखात बघू.” अकरा वर्षं घरचीच आहे मी. घरच्यांना काय, उरलंसुरलं चालतं.

५ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, “जाऊ दे ना गं.” मी पोळी त्याच्या ताटात आपटली.

८ फेब्रुवारी

संशोधन समितीकडे रीतसर तक्रार दिली. तिथल्या कारकुनाने कागद उलटासुलटा करून विचारलं, “पुरावा?” मूळ मजकूर साहेबांच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला, कारण माझा बंद पडला होता. आता तो मजकूर सापडत नाही म्हणे. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या!

सुनावणी २६ तारखेला.

९ फेब्रुवारी

नणंदबाई आल्या होत्या. त्यांचं कामच हे — निनावी पत्रं, जुनी बाडं, वादातली मृत्युपत्रं घ्यायची आणि लिहिणारा कोण ते शोधायचं. इतकी वर्षं मला वाटायचं, हा रिकामपणचा उद्योग आहे. आज त्यांच्यासमोर रडले.

म्हणाल्या, “मोठे शब्द माणूस निवडून वापरतो गं. बारके शब्द आपोआप पडतात, तिथे तो सापडतो.” ‘पण’, ‘तर’, ‘म्हणजे’, ‘मात्र’ कोण किती वेळा वापरतं, वाक्य किती लांबतं, ते मोजायचं. लेख ठेवायचा मध्ये, एका बाजूला माझं नक्की माझं असलेलं लिखाण आणि दुसऱ्या बाजूला साहेबांचं.

म्हटलं, साहेबांची भाषणं छापलेली आहेत, आणते. मग आठवलं. भाषणंही मीच लिहिलेली!

१२ फेब्रुवारी

साहेबांनी खरंच स्वतः लिहिलेलं काही मिळेना. शेवटी नोटीस बोर्डाच्या मागे वीस-बावीस जुन्या सूचना सापडल्या. ‘सर्वांना सक्त ताकीद देण्यात येत आहे की पंखे बंद न करता जाणाऱ्यांची गय केली जाणार नाही.’ नणंदबाई खूश. “एवढ्यावर माणूस पकडता येतो,” म्हणाल्या. निदान पंख्यांनी तरी काही काम केलं.

माझ्याकडून त्यांनी प्रयोगाच्या वह्या नेल्या. आणि — मोठ्या संकोचाने — या रोजनिशीची गेल्या वर्षीची वही. सासूबाईंबद्दलची पानं टाचण्या मारून बंद केली आहेत. त्यांच्या आईच आहेत शेवटी.

१९ फेब्रुवारी

निकाल आला! लेख माझ्याकडे झुकतो, आणि नुसता झुकत नाही, अंगावर येऊन पडतो. साहेबांच्या सूचनांशी त्याचं नातं ना गोतं. “तू ‘निदान’ किती वेळा लिहितेस माहीत आहे का?” नणंदबाई म्हणाल्या. टाचण्यांबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही. काढल्या असतील का?

अहवाल समितीकडे गेला. जिन्यात साहेब समोर आले. बघितलं न बघितल्यासारखं करून गेले. मागे नुसता वास. इतकं बरं वाटलं मला!

२२ फेब्रुवारी

लांबच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं आहे. साहेबांच्या नावाने आलं, त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. वर लिहिलंय, ‘बघून घ्या.’ ती मंडळी म्हणतात, त्याच वेलीचा पाला तीनदा तपासला, तुमचा पदार्थ आम्हाला दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे? हात थरथरत असतील मेल्यांचे. उद्या परत करून दाखवते.

२३ फेब्रुवारी

परत केलं. सगळं पहिल्यासारखं. फक्त या वेळी, खात्रीसाठी, पाला घातलाच नाही.

तरीही मशीनच्या आलेखात त्या पदार्थाचं टोक आलं. त्याच जागी. उभंच्या उभं.

दुपारभर स्टुलावर बसून राहिले. मग सगळं लक्षात आलं. काचेच्या मोठ्या बरण्या कमी पडल्या म्हणून पाला भिजत घातला होता प्लास्टिकच्या कॅनमध्ये. तीन आठवडे. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते पाला भिजवायच्या द्रावकात उतरलं; आजचं द्रावकही तशाच कॅनमध्ये कधीचं भरून ठेवलेलं. तेव्हाही पाल्याशिवायची कोरी चाचणी घेतली होती मी, पण ती काचेच्या बाटलीतल्या ताज्या द्रावकाची! ती स्वच्छच येणार. पहिल्या वर्षाच्या पोरींना मी हेच ओरडून शिकवते. नवा पदार्थ कसला? कॅन सापडला मला. कॅन!

लाज वाटते. इतकी की जेवले नाही.

२४ फेब्रुवारी

नणंदबाईंना फोन केला. कॅनचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “लेखावर नाव कुणाचं आहे आत्ता? त्याचं ना? मग तक्रार मागे घे आणि गप्प बस. ज्याने चोरलं त्यालाच निस्तरू दे.”

खोटं का बोलू, मनात उकळ्या फुटल्या. जगासमोर तोंड काळं होईल ते त्यांचं. मी काय, तांत्रिक साहाय्य! मला कोण विचारतंय?

नवरा परत म्हणाला, “जाऊ दे.” या वेळी पोळी नीट वाढली.

२५ फेब्रुवारी

पण लिहिलं मीच आहे ना? की चांगलं निघालं तर माझं, आणि फसलं की त्यांचं? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला!

नुसती चिडचिड होते आहे. कुणावर, तेही कळत नाही.

२६ फेब्रुवारी

साहेब माझ्याआधी येऊन बसले होते. पत्रावरून काय ते ओळखलं असणार. समितीसमोर लेखी जबाबच ठेवला — ‘सदर लेख सर्वस्वी बाईंचाच असून माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.’

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. “हे खरं आहे?”

अकरा वर्षांत साहेब पहिल्यांदा खरं बोलले होते. मी “हो” म्हटलं, लेख मागे घेण्याचा अर्ज पुढे केला, आणि त्यावर लेखक म्हणून सही केली.