नऊ नंबरची भिंत

नागपूर,
१२ सप्टेंबर १९७४

देवाजी भाऊले बहीण प्रेमिलाचा जयभीम.

तू मौद्याले निघून गेला त्याले महिना झाला. जाताना सगळ्यायसमोर म्हणाला, मिस्त्री मीच होतो, भिंतीचा मसाला कच्चा राहिला, माह्याच हातानं माही बायको अंजना मेली. मी तिथंच उभी होती.

मसाला पक्का होता, भाऊ.

विटा-सिमेंट सोसायटीचं आन् मेहनत आपली, असं ठरलं होतं. चिठ्ठ्या टाकून घरं आधीच वाटली होती. आमचं नऊ नंबर, तुमचं दहा. तरी सगळ्यायनं सगळ्यायच्या घरावर राबायचं, असा नियम होता. तू दोन्ही घरं बांधली. ताज्या भिंतीयले आठ दिवस पाणी मारायचं काम माह्याकडे होतं; पाणी नाही भेटलं तर सिमेंट धरत नाही. मे महिना, टँकर दिवसाआड यायचा. मी नऊ नंबरले बादल्या बादल्या पाणी टाकलं, दहा नंबरवर नुसतं हातानं शिंपडलं.

अंजना वहिनीनं विचारलं होतं, "काहून वं, आमची भिंत पांढरी पडून राहिली?"

"ऊनच तसं हाय," मी म्हटलं.

ऑगस्टच्या झडीत तेच भिंत तिच्या अंगावर आली.

हे तिसरं पत्र हाय. आधीचे दोन चुलीत गेले.

काल वहिनीचा फोटो आमच्या घरात लावाव म्हटलं. ह्यायनं तीन खिळे ठोकले, भिंत इतकी पक्की का तिन्ही वाकले. मंग हातोडी खाली ठेवून मले म्हणाले, "दोन्ही घरायचा मसाला तर एकच होता ना वं?"

फोटो अजून पेटीवरच हाय.

तुह्या शेजारची,
प्रेमिला