वखारीतले कागदी दार

१२ एप्रिल १९९२, जळगाव

स्टेशनवर रुपचंदशेठ स्वतः घ्यायला आले. केळीचे व्यापारी, नुकतेच जपान पाहून आलेत. त्यांच्या जुन्या वखारीत मला जपानी हॉटेल सजवायचे आहे. म्हणाले, ताई, आमचे लोक घरी जमिनीवर बसूनच भरीत खातात, इथे जरा ऐटीत बसतील! हसू आवरेना. हे गेल्यापासून मुलगा नाशिकला बोलावतो आहे, त्याच्या मागच्या खोलीत. हे काम नीट झाले तर मी माझ्या घरी, माझ्या हिमतीवर राहीन.

१५ एप्रिल

आराखडा जमला. दाराशी चपलांची जागा, एका अंगाला उघडा ओटा, मधे बुटकी मेजे आणि त्यांखाली पाय सोडायला खळगे. चटया शिंदीच्या. सर्वांत आतल्या खोलीत पूर्वी केळी पिकवत. खिडकी नाही, भिंती धुराने काळ्या. तिथे मानाच्या पाहुण्यांची बैठक. तिला सरकते कागदी दार. कागद चिकटवताना सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. पाचगणीच्या शाळेत आम्हाला कागदाचे पक्षी शिकवायच्या. किती हलका हात होता त्यांचा.

२१ एप्रिल

पांढरा कागद पिवळा पडला आहे. मगन मिस्त्री ओरडला, बाई, तुमचं दार पिकलं! सगळे गवंडी हसले. मी नवा कागद लावला. संध्याकाळी तोही पिवळा, वर केळीच्या सालीसारखे काळे ठिपके. खोली रिकामी, तरी पिकल्या केळ्यांचा वास.

२४ एप्रिल

पाणी भरणाऱ्या तानुबाईने आज सांगितले. केळी रचून झाली की आत गोवऱ्यांचा धूर करायचा आणि दार ओल्या मातीने खालून वर लिंपून टाकायचे. वरची शेवटची पट्टी लिंपण्याआधी मुकादमाने हाक द्यायचीच – मझार कोन्ही शे का? आत कोणी आहे का? एका वर्षी ट्रक खोळंबला होता, शेठ घाई करत होते, हाक राहिली. तानुबाईची नणंद द्रौपदाबाई केळी रचून आत गारव्याला आडवी झाली होती. दार उघडले ते केळी पिकल्यावर. अक्का, घर चाली जाय, म्हणजे घरी निघून जा, असे म्हणून तानुबाईने हंडा उचलला.

२६ एप्रिल

शेठना विचारले. चिडले. तिला आधीच ताप होता म्हणे. आणि दार आहे तिथेच राहील, उद्घाटनाची पत्रिका वाटून झाली आहे. मगन आला नाही. कोणीच नाही.

कागदावर बोटांचे ठसे. आतल्या बाजूने.

२७ एप्रिल

नको हे काम. नाशिकची मागची खोली चालेल. दुपारच्या गाडीने निघते. नकाशे तेवढे आतल्या खोलीत राहिलेत, ते घेऊन –

दार सरकत नाही. मी आत आहे. साधा कागद, पण फाटेना – हाताला ओले लागते. बाहेरून कोणी माती थापतो आहे. थप, थप. खालून काळोख वर चढतो आहे. वरच्या पट्टीतून उजेड येतो तोवर लिहिते –

धूर –

हाक आली! पुरुषाचा आवाज. मझार कोन्ही शे का? देवा, हाक दिली. मी ओरडले, आहे, मी आहे, उघडा –

माझ्या पाठीशी, अगदी कानाजवळ, बाईचा आवाज. शांतपणे म्हणाली, कोन्हीच नही.

थापणे पुन्हा सुरू – वरची पट्टी –