सासरेबुवांची दलदल

७ जानेवारी, रविवार
सासरेबुवांकडे कॉफी आणि वॅफल. बाहेर उणे चौदा. सासरेबुवा म्हणजे तोरमोड, वय ८१. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून जाहीर केलं की हा गेला, यंदाचा ऑगस्ट शेवटचा. म्हणजे मुलते, दलदलीतली रानबेरी, काढायचा ऑगस्ट. दरवर्षी दलदलीतून दोन बादल्या सोनेरी फळ आणतात. कुठून, ते एकोणपन्नास वर्षांत कुणाला कळलेलं नाही. सासूबाई गेल्या, त्यांनाही न कळताच गेल्या. यात विचित्र काही नाही. नॉर्वेत माणूस बँकेचा पिन सांगेल, मुलत्यांची जागा सांगणार नाही.

आता ती जागा एकाला दाखवणार. एकालाच. म्हणाले, दोघांना सांगितली की ती जागा राहत नाही, बातमी होते.

कुणाला? म्हणाले, जो वर्षभर उगाच चालेल त्याला. काही मिळवायला नाही. उगाच.

टेबलाशी आम्ही तिघं. मी, बायको सिग्रुन आणि तिचा भाऊ योस्टाइन. सिग्रुन म्हणाली मला नको, मला आयते आवडतात. संशयास्पद. योस्टाइन काहीच बोलला नाही, वॅफल खात राहिला. जास्त संशयास्पद.

संकल्प: उगाच चालणे. मंगळ, गुरू, रवी. निसर्गाचा निखळ आनंद.

९ जानेवारी, मंगळवार
उणे सतरा. निखळ आनंद गुरुवारी.

११ जानेवारी, गुरुवार
नवीन बूट ऑनलाइन मागवले. ते येईपर्यंत चालणं म्हणजे जुन्या बुटांवर अन्याय.

२१ जानेवारी, रविवार. दुपारी १.४०
हाउगेन टेकडीवर पोचलो. वर पत्र्याची पेटी, पेटीत वही, येणाऱ्यानं नाव-तारीख लिहायची. योस्टाइनचं नाव आधीच सहा वेळा. सहाही नोंदी एकाच निळ्या पेनानं. वहीला दोरीनं बांधलेलं पेन निळंच आहे, मान्य. तरीपण.

दृश्य पाहिलं. छान आहे. चार मिनिटं.

निघताना पुढच्या चार तारखा आगाऊ लिहून ठेवल्या. हा खोटेपणा नाही. प्लॅनिंग आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा कॉफी. योस्टाइननं सगळ्यांसमोर विचारलं, दाजी, तीस तारखेला तुम्ही टेकडीवर होतात? त्या दिवशी वादळानं माझ्या गोठ्याचा पत्रा उडाला, तुम्ही पंख लावून गेलात की काय. सिग्रुन म्हणाली, तीसला तर हा सोफ्यावर होता, घोंगडी घेऊन. सख्खी बायको.

मी म्हटलं, तारीख चुकली असेल. सासरेबुवा हसले. त्यांचं हसणं मला वाचता येत नाही.

विचार करण्यासारखी गोष्ट: योस्टाइन दुसऱ्यांच्या नोंदी का वाचतो? (मी वाचतो ते वेगळं. मी तुलना करतो.)

१७ मार्च, रविवार
बूट आलेत, पण चावतात. नवीन स्ट्रॅटेजी. वहीच्या भानगडीत पडायचंच नाही. सरळ सासरेबुवांबरोबर चालायचं. दर गुरुवारी, ऑफिस सुटल्यावर, साडेचारला. म्हातारा माणूस चालताना बोलतो. बोलताना एक दिवस तोंडातून जागा निसटेल. मी फक्त शेजारी असायचं. काही विचारायचं नाही. विचारलं की संपलं.

सिग्रुनला सांगितलं, मी बाबांना सोबत करीन म्हणतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, चांगलं आहे. या घरात कुणाचं सरळ असं काही नसतं.

२८ मार्च, गुरुवार. ईस्टरची सुट्टी
पहिला गुरुवार. जुन्या शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून बसलो. आजूबाजूला कमरेएवढा बर्फ, पण भिंतीशी ऊन इतकं की जॅकेट काढलं. सासरेबुवांनी संत्रं सोललं, अर्धं मला. तासभर कुणी बोललं नाही.

नोंद: ते तीन वेळा ईशान्येकडे पाहत होते. तिकडे ऊन नव्हतं. मग का?

१८ एप्रिल, गुरुवार
काळे रानकोंबडे दाखवले. दलदलीच्या कडेला नाचतात, फुगून, एकमेकांभोवती. सासरेबुवा कुजबुजले, बघ, सगळ्यांना वाटतंय मधली जागा आपलीच. हा टोमणा असू शकतो. नसूही शकतो.

दलदल कुठली, त्याची नकाशावर खूण केली. ती नाही. फार उघडी आहे, रस्त्यावरून दिसते. मुद्दाम तिथं नेलं असणार.

९ मे, गुरुवार
बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी झाली. सासरेबुवांनी पान तोडून माझ्या हातावर ठेवलं, म्हणाले वास घे. घेतला. वर्षभर ऑफिसात परवान्याच्या फायलींचा वास घेणाऱ्या माणसाला हा वास जरा जास्तच होतो. डोळ्यांत पाणी आलं. ॲलर्जी.

त्यांनी विचारलं, बरं वाटतंय ना रे? प्रेमानं विचारलं. सावध राहिलं पाहिजे.

६ जून, गुरुवार
आज त्यांचं लक्ष चालण्यात नव्हतं. मुलत्यांना फूल आलंय, पांढरं, आणि पहाटे दंव गोठलं तर फूल जळतं. चालता चालता दर पाच मिनिटांनी आकाशाकडे पाहायचे. शेवटी मीच म्हटलं, ढग आहेत, गोठणार नाही. म्हणाले, तुला काळजी वाटते का रे फुलांची? म्हटलं, हो.

खरंच वाटते. खोटं न बोलता मिळालेला हा पहिला गुण.

११ जुलै, गुरुवार
सोळा गुरुवार झाले. जागा निसटलेली नाही. निसटलं ते असं: सासूबाई डाव्या हाताला चालायच्या, गुडघा शनिवारी जास्त दुखतो, टिटवी पिल्लांजवळ आलं की लंगडल्याचं नाटक करते. एकही गोष्ट कामाची नाही.

१६ जुलै, मंगळवार. सकाळी ११
सासरेबुवांचा फोन. या गुरुवारी चालणं नाही, ते आजच मासे पकडायला चाललेत. एकटे. गळ घेतलाय म्हणाले. गळाचं मुद्दाम सांगितलं. पकडला.

संध्याकाळी ७
ऑफिसातून दातांचं कारण काढून निघालो. त्यांची गाडी तलावाशी उभी होती, पण तलावावर ते नव्हते. बूट काढून त्यांच्या ठशांमागे गेलो. (आवाज नको म्हणून. शिवाय बूट अजून चावतात.) जुन्या आरागिरणीमागून वाट, ओढा, मग दुभंगलेल्या बर्चशी डावीकडे. पुढे दलदल, पाय ठेवला की माणूस मांडीपर्यंत जातो, पण शेवाळाखाली त्यांनी फळ्या टाकून ठेवल्यात. एकोणपन्नास वर्षांच्या फळ्या. झुडपात पोटावर पडून पाहिलं. ते नुसते उभे होते. काठीनं एक पान उचलून खाली बघत होते. काही तोडलं नाही. मग परतले.

ते गेल्यावर मी गेलो. लाल. सगळीकडे लाल, कच्चं, हजारो. पिकायला तीन आठवडे.

जागा माझी. म्हणजे माहीत. तसं एकच.

२७ जुलै, शनिवार
योस्टाइनची गाडी जुन्या आरागिरणीशी. मागे दोन बादल्या. पांढऱ्या, झाकणाच्या. मी गाडीतूनच काच खाली करून विचारलं, काय चाललंय. म्हणाला, कोंबड्यांसाठी लाकडाचा भुसा नेतोय, दाजी, तुम्हाला हवाय का थोडा?

भुसा. जुलैत.

२९ जुलै, सोमवार
दोन दिवस झोप नाही. भुशाचा विचार करतोय. सिग्रुनला विचारलं, योस्टाइनकडे कोंबड्या आहेत? ती म्हणाली, अकरा, तू अंडी खातोस त्यांची. तिचं त्याच्याशी आधीच बोलणं झालेलं असणार.

३० जुलै, मंगळवार
आजारपणाची रजा. पोट. पहाटेपासून दुपारपर्यंत वाकून वाकून सगळे मुलते काढले. सगळे. कच्च्या फळाचा देठ सुटत नाही, नखं सोलवटली. रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या भरल्या.

कच्चे काढणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण मी काढले ते चोरीसाठी नाही, संरक्षणासाठी. योस्टाइनच्या हाती पडण्यापेक्षा. टोमॅटो खिडकीत पिकतात, हेही पिकतील. पिकले की सासरेबुवांना देईन, तुमच्यासाठी सांभाळले म्हणून. खूश होतील.

४ ऑगस्ट, रविवार
गॅरेजच्या खिडकीत पिकत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळले.

६ ऑगस्ट, मंगळवार
बुरशी. पस्तीस किलोमीटर लांबच्या कचरा केंद्रात टाकून आलो. आपल्या गावच्या केंद्रावर ओळखीची माणसं असतात.

तरी घाबरण्यासारखं काही नाही. सासरेबुवा जागा योस्टाइनलाच दाखवणार, शेवटी मुलगा. योस्टाइनला रिकामी दलदल मिळेल. हा त्याचा प्रश्न.

८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ८.१०
सासरेबुवांचा फोन. आज चालायला लवकर ये, बादली घेऊन ये. म्हटलं, कशाला? म्हणाले, योस्टाइनला मी कालच विचारलं, त्याला हवीच नव्हती जागा, त्याला कोंबड्या पुरतात. तुला दाखवतो. अठरा गुरुवार आलास, एकदाही काही विचारलं नाहीस. ती गेल्यापासून माझ्याबरोबर इतकं कुणी चाललेलं नाही.

फोन ठेवल्यावर किचनमध्ये जरा बसलो.

प्लॅन: काही माहीत नसल्यासारखं वागणे. दलदल पाहून प्रथम आश्चर्य, मग संताप. संताप मी पहिला करायचा.

संध्याकाळी ४.३०
झालं. मला वाटतं, उत्तम निभावलं.

गाडी तलावाशी लावली. सासरेबुवांचा गुडघा फार वाईट होता, मध्ये मध्ये थांबत होते. मी त्यांची बादलीही घेतली. हवा स्वच्छ, पाइनचा वास. आरागिरणीमागून ओढा पार केला. बर्चशी डावीकडे. फळ्यांवरून जपून गेलो, ते माझ्या मागून काठी टेकत येत होते. सगळा वेळ मी इकडेतिकडे पाहत होतो, नवख्या माणसासारखं. एकदा "वा, काय सुंदर जागा" असंही म्हटलं.

मग दलदल. हिरवी पानं आणि काहीच नाही.

मी बादल्या टाकल्या. म्हटलं, हे कुणी केलं? आवाज चांगला लागला. म्हटलं, योस्टाइनची गाडी मी आरागिरणीशी पाहिली होती, सांगायचं नव्हतं पण आता सांगतो.

सासरेबुवा वाकले. वाकायला त्यांना खूप वेळ लागला. एक देठ हातात घेऊन पाहिला, ओरबाडलेला. म्हणाले, कच्चे नेलेत. मग म्हणाले, योस्टाइनला ही जागा माहीत नाही.

दगडावर बसले. डबा उघडला. तपकिरी चीज लावलेला पाव, अर्धा मला दिला. नेहमीसारखा. आम्ही खाल्ला. एक टिटवी ओरडत होती. मला वाटलं ते चिडतील, रडतील, काही तरी. काहीच नाही.

उठताना म्हणाले, पुढे तूच हो. येतानाही तूच पुढे होतास.

रात्री, जेवण झाल्यावर
मी पुढे होतो.

११ ऑगस्ट, रविवार
सासरेबुवांनी सिग्रुनला सांगितलं असणार. ती आज मला दोनदा "घे ना अजून" म्हणाली. तयारी करतेय.

१५ ऑगस्ट, गुरुवार
फोन आला नाही. गुडघा असेल.

२२ ऑगस्ट, गुरुवार
नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
योस्टाइन अंडी देऊन गेला. काही बोलला नाही. म्हणजे माहीत आहे. म्हटलं, तुला काही म्हणायचंय का? म्हणाला, हो, ट्रे परत द्या दाजी, मागचेही दोन तुमच्याकडेच आहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार
दलदली लाल व्हायला लागल्या असतील, आणि पिवळ्या. खिडकीतून टेकडीच दिसते. आज बूट घातले. चावत नाहीत आता. काढून ठेवले.

सिग्रुनला थेट विचारलं, बाबा माझ्याबद्दल काही बोलले? ती म्हणाली, तुझ्याबद्दल काय बोलणार? मी तिचा चेहरा तपासला. काहीच नाही त्यात. तिला खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार
कॉफी, वॅफल. पहिला बर्फ पडून विरघळला. मी टेबलाच्या टोकाला बसलो, दाराजवळ.

योस्टाइननं विचारलंच. बाबा, यंदा दाजींना नेलंत ना, मग मुलते कुठायत? दोघांनीच संपवलेत का? सिग्रुन हसली. मी कपात पाहत होतो.

सासरेबुवा म्हणाले, यंदा फळ धरलं नाही. जूनमध्ये दंव गोठलं.

योस्टाइन म्हणाला, जूनमध्ये? मला नाही आठवत. सासरेबुवा म्हणाले, तिकडे गोठलं.

मग जाम माझ्याकडे सरकवला. स्ट्रॉबेरीचा, दुकानातला. आणि विचारलं, गुरुवारी तू काय करतोस हल्ली?

म्हटलं, काही नाही.

म्हणाले, बरं.