आधी कोणी बोलायचं?

नाशिक, ऑगस्ट १९८९

आदरणीय सावळीराम मामा यांना जयरामचा मानाचा जयभीम. मामींचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठीक, डोकं मात्र ठिकाणावर नाही.

निफाडच्या विमलबद्दल माझा होकार की नकार ते अजून कळवलं नाही, म्हणून तुम्ही रागावलात. तिचे वडील दुसरं स्थळ बघायला निघालेत हे तुमच्या पत्रात वाचून लगेच कागद घेतला. पण मामा, मी इथे कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरपाशी अडकलोय. त्याला म्हणे एक नाही, चार डोकी आहेत (मला एकच, तेही भाड्याने दिल्यासारखं). सरांनी समजावलं की प्रोग्राम सुरू केला की चार प्रोसेस एकदम कामाला लागतात, एकमेकींना निरोप धाडतात आणि सगळ्यांचं उरकल्याशिवाय एकीनेही उठायचं नाही. मी म्हटलं, ही तर पंगत! इतकं कळलं, तिथंच घात झाला. नाशिक, मालेगाव, निफाड, पेठ अशा चार तालुक्यांच्या पावसाची बेरीज मी चौघींना वाटून दिली. वर आईची शिकवणही घातली: आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं. सुरू तर चौघी झाल्या. संपेना मात्र एकही. मला वाटलं, यंदा पाऊस जास्त, वेळ लागणारच (मी पडद्यासमोर डबासुद्धा खाल्ला). बाहेरगावचे पाहुणे हे यंत्र बघायला येणार, त्यामुळे सर येता-जाता विचारत, आणि मी म्हणे, "चाललंय, सर." शेवटी त्यांनीच प्रोग्राम वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे, चौघी ऐकायला बसल्यात. बोलायचं कोणी?"

मला अजून नीट उमगलेलं नाही. एवढ्या सुसंस्कृत प्रोसेस, आणि चूक माझी!

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
जयराम

ता. क. नाशिकला आधी बोलायला लावलं. चौघी झटक्यात मोकळ्या झाल्या. पेठचा पाऊस मालेगावला पडतोय, ते वेगळं.

आणखी एक. मामा, कॉम्प्युटर पाचला बंद होतो. तुम्हाला पोस्टकार्ड लिहायला मला वेळ होता. विमल काय म्हणते ते कळलं की आपलं सांगू, म्हणून थांबलो होतो. आणि तुम्ही लिहिलंत, ती तुम्हाला म्हणाली, "आधी त्यांचं कळू द्या." तेव्हा हे पत्र मिळताच निफाडला जा आणि सांगा, जयराम बोलला. मला ती फार आवडली. ती नाही म्हणाली, तर मामींना लिहायला सांगा. तुम्ही फार स्पष्ट लिहिता.