शून्य लाइकवाल्या पोस्ट

गुरुवार, संध्याकाळ. कोलशेत.

आज ऑफिसच्या सर्च टूलमध्ये नवीन सोयी आल्या. आता गावाच्या नावाने गेल्या आठवड्याच्या पोस्ट शोधता येतात, आणि एकही लाइक नसलेल्याही दिसतात. लोकांच्या पोस्टमधून रस्त्या-पाण्याच्या तक्रारी शोधून पुढे पाठवायच्या, हे माझं काम. ट्रायल म्हणून माहेरचं नाव टाकलं, मोहने.

पहिलीच पोस्ट बाबांची. "मा. महोदय, शहाड स्टेशनच्या वाटेवरचा दिवा बंद आहे." शेवटी "आपला नम्र" आणि पूर्ण नाव. फोनवर असा अर्ज कोण लिहितं? बाबा लिहितात. रोज एक, सात दिवसांच्या सात. प्रत्येकीखाली शून्य.

पाचपेक्षा कमी लाइक असतील तर पोस्ट दाखवायची नाही, ही टूलमधली आजवरची अट दोन वर्षांपूर्वी मीच घातलेली. कचरा नको म्हणून. बाबा म्हणायचेही, "तक्रार टाकलीय गं, बघतील." मी हसून विषय बदलायचे. मला का नाही सांगितलं नीट? की सांगितलेलं, आणि मीच...

तक्रार पुढे पाठवली. ऑफिसच्या अकाउंटवरून लिहिलं, "आपली तक्रार पोचली."

तासाभरात बाबांचा फोन. "अगं, उत्तर आलं! कुणीतरी भला माणूस बसलाय तिकडे."

मी नुसतं "हो बाबा" म्हटलं.

आत्ता बघितलं, त्यांनी आभाराचंही पत्र टाकलंय, मा. महोदयपासून आपला नम्रपर्यंत. खाली शून्य. मी माझ्या अकाउंटवरून लाइक केलं. मुलगी असून, पहिल्यांदाच.